कार्बन-तटस्थ शहराचं बिल कोण भरणार? (जळगाव, धुळे, भुसावळच्या निमित्तानं)

तापीकाठ

राम राम मंडळी. रात्रीचे दहा वाजलेत, भिंतीला हात लावला तर चटका बसतोय, झोपेचं नाव नाही. म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला विषय इथे टाकतो.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारतानं २०७० पर्यंत नेट झिरोचं वचन दिलं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घ्यायचा, बेरीज शून्य. कार्बन-तटस्थ म्हणतात ते हेच. त्याच सुमारास महाराष्ट्रातली अमृत योजनेतली (शहरांच्या पाणी-गटारासाठीची केंद्राची योजना) ४३ शहरं ‘रेस टू झिरो’ या त्यासाठीच्याच जागतिक मोहिमेत उतरल्याचं राज्यानं जाहीर केलं. अमृतच्या यादीत जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार आहेत. म्हणजे विषय दिल्ली-मुंबईचा राहिलेला नाही, आपल्या दारात आलाय. आणि दारात आला की पहिला प्रश्न पैशाचा.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या नोव्हेंबरात पालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला होता. देशातल्या सगळ्या शहरी संस्थांचं उत्पन्न मिळून जीडीपीच्या १ टक्क्याच्या आसपास, आणि दहा वर्षांहून जास्त काळ ते तिथेच अडकलेलं. ब्राझीलमध्ये हाच आकडा ७ टक्क्यांच्या वर, दक्षिण आफ्रिकेत ६. त्याच महिन्यात जागतिक बँकेनं सांगितलं की २०३६ पर्यंतच्या १५ वर्षांत भारताच्या शहरांना ८४० अब्ज डॉलर लागतील. पाणी, गटार, रस्ते, वाहतूक या मूळ सोयींचाच हा खर्च.

हवामानाचा विषय निघाला की आपल्याकडे एकतर वृक्षारोपणाचा फोटो निघतो, नाहीतर ‘केंद्रानं भरीव निधी द्यावा’ असं निवेदन निघतं. माझं म्हणणं वेगळं आहे. पालिकेच्या खर्चात असा खड्डा शोधा जिथे दर महिन्याला पैसा जातोच जातो. तो बुजवायला कर्ज काढा आणि वाचलेल्या पैशातून हप्ता फेडा. आपल्या गावांत तो खड्डा म्हणजे पाणी उपशाचं वीजबिल. जळगावला वाघूरचं पाणी येतं, धुळ्याला तापीचं. दोन्हीकडे पाणी चढवून आणावं लागतं, आणि पंप बंद ठेवायची सोय नाही.

सातपुड्याच्या पलीकडे इंदूरनं हेच केलं. नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून ७० किलोमीटर पंपानं शहरात येतं. त्याच्या विजेसाठी जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि त्यासाठी २०२३ च्या फेब्रुवारीत हरित कर्जरोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून थेट घेतलेलं कर्ज. २४४ कोटी उभे करायचे होते, मागणी आली ७०० कोटींच्या वर. व्याज वर्षाला ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी मिळणारं. कमीत कमी १०,००० रुपये गुंतवून सामान्य माणसालाही घेता येत होते.

इंदूरला जमतं तर जळगाव-धुळ्यानं काय घोडं मारलंय?

घरपट्टीग्रस्त

कर्ज म्हटलं की जळगावकराच्या पोटात गोळा येतो हो. हुडकोकडून (केंद्राची घरबांधणी-कर्जसंस्था) घरकुलांसाठी काढलेल्या कर्जाचं भूत किती वर्षं मानगुटीवर होतं ते विसरलात काबरं? घरकुलं राहिली बाजूला, हप्ते मात्र आपण भरले. त्या काळात रस्त्यावरचे खड्डे बुजवायला पैसे नव्हते, आणि तुम्ही आता नवीन खड्डा शोधायला सांगताय.

भरीतपार्टी

तापीकाठ भाऊ, तुमनं म्हननं बरोबर शे. पन हप्ता भरी कोन?

(अवांतर: इंदूरशी तुलना करायची तर आधी सराफ्यातल्या पोह्यांशी करा. आपलं भरीत-पुरी त्यात आरामात जिंकेल.)

शिरपूरकर

कपाशीच्या धंद्यामुळे माझं महिन्यातून एकदा तरी इंदूरला जाणं होतं. पळासनेर सोडलं की बिजासन घाट, सेंधवा, ठिकरी, आणि धामनोदहून उजवीकडे वळलं की महेश्वर, मंडलेश्वर. जलूद तिथेच. आपल्या शिरपूरपासून म्हणाल तर सकाळी निघून जेवणाला परत येता येईल, इतकं जवळ.

एक गोष्ट मूळ धाग्यात आली नाही ती जोडतो. रोखे २०२३ चे, पण २०२४ सालीही प्रकल्पाचं काम चालूच होतं. म्हणजे वीज यायच्या आधीच व्याजाचं मीटर सुरू. इंदूरची तब्येत चांगली म्हणून त्यांनी ते सोसलं. पत ‘एए’ गटातली, घरपट्टी वसुलीत शिस्त, कचऱ्यातूनही उत्पन्न. रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प तिथे २०२२ पासून आहे, आणि चालवणारी कंपनीच उलट महापालिकेला पैसे देते. आपल्याकडे ठेकेदाराचं बिल थकलं की घंटागाडी बंद.

हिशेबनीस

नोकरीची सगळी वर्षं पालिकांच्या लेखा विभागात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

घरपट्टीग्रस्त यांची भीती पोकळ नाही. पण कर्ज आणि कर्ज यात फरक असतो. ज्या कामातून परत काहीच येत नाही त्यासाठी काढलेलं कर्ज घरपट्टीवर येऊन बसतं. ज्या कामानं खर्च घटतो, त्याचा हप्ता घटलेल्या खर्चातून निघू शकतो. ‘शकतो’ म्हणालो, ‘निघतोच’ नाही.

पालिकांची कमाई का आटली तेही बघा. पूर्वी जकात होती, रोजच्या रोज रोकड गल्ल्यात यायची. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. २०१५ च्या ऑगस्टपासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि तेव्हापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर बसून आहेत. हातात उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. आणि निवडणुकीच्या आधी पाणीपट्टी वाढवणारा नगरसेवक मी तरी पाहिलेला नाही.

आता कर्जरोखे. सेबीचे यासंबंधीचे नियम २०१५ चे. ढोबळ मानानं: मागच्या तीन वर्षांत कुठल्याही वर्षी पालिकेची निव्वळ मत्ता उणे नको, अलीकडच्या काळात कर्ज थकवलेलं नको, पतमानांकन हवं, हिशेब तपासलेले हवेत. राज्य सरकारची परवानगी तर लागतेच. खरी मेख एस्क्रो खात्यात. ठरलेलं उत्पन्न, समजा घरपट्टी, आधी त्या खात्यात जातं, तिथून हप्त्याची रक्कम बाजूला निघते, उरलेलं पालिकेला मिळतं. आयुक्त बदलले, महापौर बदलले, तरी त्या पैशाला हात लावता येत नाही. माझ्या मते पालिकांना रोख्यांची धास्ती व्याजामुळे नाही, या खात्यामुळे आहे.

पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले. गाझियाबादनं २०२१ मध्ये सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकण्यासाठी १५० कोटी घेतले, ते देशातले पहिले हरित महापालिका रोखे. अमृत योजनेत पहिल्यांदा रोखे काढणाऱ्याला केंद्राकडून दर १०० कोटींमागे १३ कोटींचं प्रोत्साहन ठेवलं होतं, कमाल २६ कोटी. तरी पुढे येणाऱ्या पालिका मोजक्याच, कारण अमृतच्या काळात ज्या सुमारे ४७० शहरांचं मानांकन झालं त्यातली १६४ च गुंतवणुकीच्या लायक ठरली होती. बाकीच्यांच्या दारात बाजार येत नाही. तिथे घोडं अडतं, तापीकाठ.

तापीकाठ

हिशेबनीस काका, साष्टांग दंडवत. आता माझा हिशेब मांडतो, तुम्ही चिरफाड करा. आकडे धरलेले आहेत, कुठल्याही पालिकेचे नाहीत.

५ मेगावॅटचा सौर प्रकल्प. खान्देशातल्या उन्हात १ मेगावॅटला वर्षाला १५ लाख युनिट धरू, म्हणजे एकूण ७५ लाख. खर्च मेगावॅटला साडेचार कोटी, एकूण साडेबावीस. सगळंच कर्ज, १५ वर्षं, ८.२५ टक्के. वर्षाचा हप्ता साधारण २ कोटी ६७ लाख. वीज वाहून आणण्याचा आकार वगैरे वजा जाता युनिटमागे ५ रुपये वाचले तर वर्षाला पावणेचार कोटी. देखभालीला ४० लाख काढा. हप्ता फेडून वर्षाला ६८ लाख शिल्लक. आणि १५ वर्षांनंतर हप्ता नाही, पॅनेल मात्र पुढेही चालणार.

पंपहाऊस

चिरफाड मी करतो भो. तीस वर्षं पंपाच्या घरघरीत काढली, अजूनही एका कानानं कमी ऐकू येतं.

तुमचे ७५ लाख युनिट कागदावरचे. खान्देशात ऊन भरपूर हे खरं, पण पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेलचा अंगचा ताप ६५-७० च्या घरात जातो, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे ऐन दुपारी १५ टक्क्यांच्या वर गेले. आपल्याकडे खरी चांगली वीज फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यावर धूळ. त्यावर पालिकेचा कारभार: एक इन्व्हर्टर बसला की नवीन यायला फाईल सहा टेबलं फिरणार. तुम्ही ६० लाख युनिट धरा. मग वाचतात ३ कोटी. देखभाल आणि हप्ता गेला की उणे ७ लाख. झाली ना पंचाईत?

आणि मुळात आधी कर्ज कशाला? आधी पंपाकडे बघा. मी ज्या पालिकेत होतो तिथलं सांगतो, नाव नको. साडेतीनशे अश्वशक्तीचा पंप. बसवला तेव्हा कार्यक्षमता चांगली होती, पण इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) झिजत गेला, कुणी बदलला नाही. पाणी निम्मं, वीज तेवढीच. पंपाच्या स्विचबोर्डामागे कपॅसिटरची, म्हणजे वीज वाया जाऊ न देणाऱ्या डब्यांची, रांग, त्यातले अर्धे फुगून काळे पडलेले, एकाचं तेल गळून खाली फरशीवर डाग. २०२० च्या एप्रिलपासून उच्चदाबाचं बिल केव्हीएएच वर, म्हणजे वाया गेलेली ताकदही धरून येतं. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या ताकदीतली किती कामी आली त्याचं माप) पडला की युनिटच जास्त मोजले जातात. पूर्वी बिलात दंडाची वेगळी ओळ दिसायची, साहेब निदान विचारायचे तरी. आता दंड युनिटांतच मुरून जातो, कुणाला दिसत नाही. काही हजारांचे कपॅसिटर बदलायचे होते. मी लॉगबुकात लिहायचो, ‘कपॅसिटर नादुरुस्त, वरिष्ठांस कळविले.’ पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

नंतर येते गळती. धरणातून निघालेलं पाणी टाकीत येईतो आणि टाकीतून नळाला जाईतो जे जमिनीत मुरतं, त्याच्यावरही वीज खर्च झालेली असते. गळतं पाणी सौर विजेवर चढवून काय मिळवणार?

आधी ऊर्जा लेखापरीक्षण, मग पंप, कपॅसिटर, व्हॉल्व्ह, मग गळती, आणि सगळ्यात शेवटी सौर. तेव्हा कदाचित पाचाऐवजी साडेतीन मेगावॅट पुरेल.

तापीकाठ

पंपहाऊस दादा, क्रम मान्य. पण उणे ७ लाखांवर उपाय आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १ लाख कोटींचा शहरी आव्हान निधी जाहीर झाला. प्रकल्पखर्चाचा २५ टक्क्यांपर्यंत वाटा त्यातून, अट अशी की निदान ५० टक्के रोखे, बँककर्ज किंवा खासगी भागीदारीतून आले पाहिजेत. पाणी आणि स्वच्छता हा त्यातला एक विषय. आपल्या आकाराची शहरं त्यात बसवून घेणं हे खासदारांचं काम. २५ टक्के अनुदान धरलं तर कर्ज उरतं १६.९ कोटी, हप्ता २ कोटी. तुमच्या ६० लाख युनिटांवरही ६० लाख रुपये शिल्लक राहतात.

घरपट्टीग्रस्त

शिल्लक राहिलेले ६० लाख कुठे जाणार ते पण लिहा. महासभेत ठराव होऊन प्रभागाच्या प्रवेशद्वाराच्या कमानीला जाणार.

भरीतपार्टी

+१. कमानीला एलईडी लावले की झालं हरित!

चोपडा_ते_गोटेनबर्ग

मी मूळची चोपड्याची, आठ वर्षं झाली इथे स्वीडनमध्ये. युरोपकडे बघून सगळं सोनं वाटतं म्हणून लिहिते.

युरोपीय संघानं २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘२०३० पर्यंत हवामान-तटस्थ’ या मोहिमेसाठी ११२ शहरं निवडली. गोटेनबर्ग त्यात आहे. निवड झाली म्हणून ब्रसेल्सहून पैशाचं पोतं आलं नाही. सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी मोहिमेला ठेवलेली रक्कम होती ३६ कोटी युरो, तीही संशोधनाच्या खात्यातून. एवढ्या शहरांत वाटली तर एकेकाला ट्रामचा एक धड मार्गही होत नाही. खरी अट दुसरीच होती. प्रत्येक शहरानं एक करार लिहायचा आणि त्यात कृती आराखड्याला गुंतवणुकीचा आराखडा जोडायचा: कोणतं काम, किती पैसे, किती पालिकेचे, किती घरमालकांचे, किती कंपन्यांचे. तो तपासून मोहिमेचा शिक्का मिळतो, आणि त्या शिक्क्यावर बँका दार उघडतील अशी आशा. पहिले दहा शिक्के २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाले, त्यात स्टॉकहोम, माद्रिद, व्हॅलेन्सिया, रोमानियातलं क्लुज-नापोका होतं.

या हिशेबात पालिकेच्या स्वतःच्या मालकीचं फार थोडं असतं हे आपल्याकडे लक्षात घेत नाहीत. घरं लोकांची, गाड्या लोकांच्या, कारखाने मालकांचे. पालिकेचे दिवे, पंप, बस आणि इमारती तटस्थ केल्या तरी शहर तटस्थ होत नाही.

आणि फसल्याचं उदाहरण जवळचंच. कोपनहेगननं २०२५ पर्यंत पहिली कार्बन-तटस्थ राजधानी व्हायचं ठरवलं होतं. कचरा जाळून वीज-उष्णता करणाऱ्या त्यांच्या मोठ्या प्रकल्पाच्या धुराड्यातला कार्बन पकडायचा, यावर सगळी भिस्त. त्याला निधी मिळाला नाही, आणि २०२२ मध्ये ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं. एवढं श्रीमंत शहर, पण शेवटच्या टप्प्याचा पैसा उभा झाला नाही.

घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. १९८६ मध्ये एरेब्रू भागातल्या नऊ पालिकांनी मिळून एक कर्जसंस्था काढली, कोम्युनइन्व्हेस्ट. सभासद पालिका एकमेकींना जामीन. एकट्या लहान गावाला बाजार उभं करत नाही, पण सगळे मिळून गेले की स्वस्तात पैसा मिळतो. आज देशातल्या बहुतेक पालिका तिच्या सभासद आहेत आणि हरित कामांना वेगळं, थोडं स्वस्त कर्ज मिळतं. (गोटेनबर्ग शहरानं २०१३ मध्येच स्वतःचे हरित रोखे काढले होते. जगात एखाद्या शहरानं काढलेले ते पहिले मानतात.)

चोपडा, अमळनेर, भुसावळ, शिरपूर अशी मोट बांधता येणार नाही का?

हिशेबनीस

ताई, फार मोलाचं लिहिलंत. आणि यासाठी स्वीडनला जायची गरज नाही. तामिळनाडूनं २००२-०३ च्या सुमारास १३ लहान पालिकांना एकत्र करून पाणी-गटाराच्या कामांसाठी ३० कोटींचे रोखे काढले होते. एकेकटी गेली असती तर कुणी दारात उभं केलं नसतं. कर्नाटकनंही २००५ मध्ये बेंगळुरूभोवतीच्या आठ गावांसाठी १०० कोटींचा तसाच प्रयोग केला.

भुसावळ_यार्ड

जामीन शब्द वाचून हसू आलं. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवी बुडाल्या तेव्हा जामीनदारांचं आणि ठेवीदारांचं काय झालं ते घराघरात माहीत आहे. अमळनेरनं हप्ता चुकवला तर भुसावळची घरपट्टी जप्त, हे महासभेत कोण मंजूर करेल?

पण मला दुसरंच बोलायचंय. धाग्यात एवढी चर्चा झाली, दीपनगरचं नाव कुणी काढलं नाही. शेजारी औष्णिक केंद्र, ५०० मेगावॅटचे दोन संच, त्यावर ६६० चा नवीन. त्या धुराचा हिशेब भुसावळच्या नावावर लावणार का? तसं असेल तर आम्ही सात जन्मांत तटस्थ होणार नाही.

चोपडा_ते_गोटेनबर्ग

नाही लावत दादा. शहरांसाठी जी आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धत वापरतात तिच्यात शहरानं *वापरलेली* वीज धरतात. ग्रीडला जाणारी निर्मिती वेगळी दाखवतात, शहराच्या बेरजेत घेत नाहीत. म्हणजे दीपनगरचा धूर वीज वापरणाऱ्या मुंबई-पुण्याच्याही खात्यावर थोडा थोडा जातो.

भुसावळ_यार्ड

खात्यावर जातो, पण राख आमच्याच गच्चीवर पडते ना! असो.

दीपनगरकडे मात्र मी उलट्या बाजूनं बघतो. २०१६ च्या वीजदर धोरणात लिहिलंय की सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते प्रक्रिया केलेलं पाणी वापरायचं. नागपूर महापालिका कोराडी, खापरखेड्याला असं पाणी देते आणि त्याचे पैसे घेते. भुसावळ तर दीपनगरला लागूनच, जळगावही ५० किलोमीटरच्या आत. तापीत सोडून द्यायचं घाण पाणी शुद्ध करून विकलं तर पालिकेला वर्षानुवर्षांचा बांधलेला गिऱ्हाईक मिळतो. गाझियाबादनं यावरच रोखे काढले ना? तापीतून तेवढा उपसा कमी होईल, तो वेगळाच फायदा.

आणि कोळसा कधीतरी बंद होणार असेल तर आतल्या कंत्राटी पोरांचं काय, हाही खर्च ‘तटस्थ’च्या बिलात धरा. तो कुठल्याच आराखड्यात मला दिसत नाही.

हिशेबनीस

यार्ड साहेब, ही सूचना मला सौर प्रकल्पापेक्षा सरस वाटते. बँकेला ऊन समजत नाही, करार समजतो. वीस वर्षांचा पाणीविक्रीचा करार आणि खरेदीदार सरकारी कंपनी, यावर कर्ज मिळायला इंदूरची पत लागत नाही. एकच पुस्ती: पैसे वेळेवर देण्याची हमी करारात ठोकून बसवा, सरकारी कंपन्यांचीही देणी रखडतात.

देवपूरवाली

मी धुळ्याची, आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी. मोठ्या कोटींत माझी मती चालत नाही, लहान सांगते.

पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. स्वतंत्र घराला १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्त असेल तर ७८ हजार अनुदान. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार. आम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी बसवलं. पैशापेक्षा गच्चीचं भांडण मोठं निघालं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पापड-कुरडया कुठे वाळवू? मग स्ट्रक्चर सहा फूट वर उचलून घेतलं, तेवढा खर्च वाढला. आता काकू पॅनेलखाली सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि कडेला उन्हात पापड घालतात. खालच्या मजल्यावरचे दोघं भाडेकरू, त्यांचे मालक पुण्यात, त्यांनी वर्गणी दिलीच नाही. वीज मात्र त्यांच्याही जिन्यात जळते.

पालिकेनं सौर बसवणाऱ्याला घरपट्टीत चांगली सूट दिली आणि ती थकबाकी न ठेवणाऱ्यालाच दिली, तर दोन्ही कामं होतील. लोक पॅनेलही बसवतील आणि पट्टीही भरतील.

पंपहाऊस

ताई, पॅनेल धुता का? आठवड्याला एकदा तरी पहाटे पाणी मारा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जातो.

अमळनेर_शाळा

सगळे परतावा, हप्ता, करार बोलताय. ज्यातून एक रुपयाही परत येत नाही त्याचं काय? माझ्या शाळेत दोन वर्ग पत्र्याखाली आहेत. एप्रिलमध्ये साडेदहानंतर तिथे मुलं बसू शकत नाहीत. पत्र्याला पांढरा चुना-रंग लावायला कोणती बँक कर्ज देईल? बसथांब्यावर सावली, झोपडपट्टीत पाणी, लिंबाची झाडं जगवणं, यातून कमाई शून्य. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या छतामुळे दुपारीही गारवा असायचा. ती पाडून पत्रा आणि स्लॅब आले, आणि आता कूलरच्या बिलाला शहर रडतंय.

तापीकाठ

बाई, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. माझं मत असं की अनुदानाचा प्रत्येक रुपया अशाच कामांना राखून ठेवावा. आज उलटं होतं: अनुदानातून पंप आणि दिवे घेतात, जे कर्जावर निघाले असते, आणि चुन्याला पैसे उरत नाहीत. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा २०१३ पासून आहे. जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्याचा निधी येतो. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण स्पर्धेत बक्षिसाची रक्कम मिळते. वित्त आयोगाचा हप्ता आहेच. चुन्याची बादली या पैशात बसते, फक्त अंदाजपत्रकात तिच्या नावाची ओळ हवी.

शिरपूरकर

बसचं कुणी बोललं नाही. पीएम ई-बस सेवा ३ ते ४० लाख वस्तीच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४.६० लाख, धुळे ३.७५ लाख, म्हणजे दोन्ही त्या मापात बसतात. केंद्र किलोमीटरमागे ठरावीक मदत देतं, दहा वर्षं. पण बाकीचा तोटा पालिकेनं सोसायचा, आणि दहा वर्षांनी पूर्ण. शेअर रिक्षावाल्यांचा विरोध होईल तो वेगळा. मला ई-बसपेक्षा रिक्षाच विजेवर आणण्यात जास्त दम वाटतो. कर्ज लहान, फेडणारा स्वतः चालवणारा, आणि डिझेलचा खर्च वाचलेला त्याला त्याच दिवशी खिशात दिसतो.

हिशेबनीस

चर्चा बरीच झाली, आता काम. ज्याला आपल्या गावाचं अंदाजपत्रक मिळतंय त्यानं त्यातून एवढं बघा: पाणीपुरवठ्याचं वीजबिल, पाणीपट्टीची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली, कर्जाचे हप्ते, आणि महावितरणची थकबाकी. शेवटचा आकडा महत्त्वाचा. थकबाकी असेल तर वाचलेला पैसा आधी तिकडे वळेल, हप्त्याला उरणार नाही. अंदाजपत्रक देत नसतील तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा तिकिटाचा अर्ज.

पंपहाऊस

आणि फक्त रक्कम मागू नका. मूळ बिलाची प्रत मागा, बारा महिन्यांची. त्यात करार मागणी (महावितरणकडे ठरवून घेतलेला कमाल भार) किती केव्हीए, प्रत्यक्ष नोंदलेली किती, आणि पॉवर फॅक्टर किती, या तीन गोष्टी बघा. कराराची मागणी ८०० आणि नोंदलेली ५०० असेल तर फुकटचा स्थिर आकार भरताय. तो एका अर्जावर कमी होतो, त्याला रोखेही लागत नाहीत आणि सेबीही. बिलं इथे टाका, मी बघतो.

चोपडा_ते_गोटेनबर्ग

चोपड्याची बिलं माझा भाऊ काढेल. त्याला आजच फोन करते.

भुसावळ_यार्ड

भुसावळचं मी बघतो. सांडपाणी केंद्रात रोज किती पाणी येतं तेही त्याच अर्जात विचारतो.

घरपट्टीग्रस्त

जळगावचा अर्ज मी टाकतो. पण वाचलेल्या पैशाचं खातं वेगळं आणि कुलूपबंद असल्याचं कागदावर दिसेपर्यंत कर्जाला माझा विरोध आहे, ही नोंद असू द्या.